फत्तरचाटू कोणाच्या हवाली

मी, ज्योतीराम सयाजी कणसे, वय एकोणसाठ, मूळ राहणार तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, सन १९६२ पासून चिंचवड स्टेशनच्या मागे स्वतःच्या दोन खोल्यांत राहणार, धंदा टूलरूम फिटर, हल्ली छातीच्या दुखण्याने घरी बसलेला, हा लेख माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. दम लागतो, पण तो जिना चढताना, लिहिताना नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही, आणून बघावे. माझ्या मागे माझ्या वस्तूंची, आणि मुख्य म्हणजे माझ्या माशांची, खालीलप्रमाणे व्यवस्था लागावी.

कलम १. दोन्ही खोल्या आणि पोस्टात जे काही आहे ते माझी पत्नी सौ. कस्तुरा हिचे. तिला तिथून हलवायचा कोणी विचारही करू नये. एकोणीस वर्षे तिने एका खोलीत संसार केला, कारण दुसऱ्या खोलीत माझ्या टाक्या होत्या. कुरकुर केली, पण टाकीला हात लावला नाही. तिच्याबद्दल माझी एकच तक्रार आहे, ती म्हणजे तिचा भाऊ. ते पुढे येईल.

कलम २. माझा व्हाइस, कानशी आणि हातोड्या कंपनीतल्या आमच्या टूलरूमच्या पोरांनी वाटून घ्याव्यात. माप घ्यायचा व्हर्नियर वाटता येणार नाही, कारण तो टूलरूममधल्याच भैरूने सन १९६९ मध्ये 'दोन दिवसांत देतो' म्हणून नेला आहे. तो त्याच्याकडेच राहू द्या. मात्र अंत्ययात्रेला जमलेल्या लोकांना तो कोणाचा आहे हे मोठ्याने सांगावे. भैरू तिथे असेलच, अशा ठिकाणी तो चुकत नाही.

कलम ३. आता मासे. ज्याने ते पाहिले नाहीत त्याच्यासाठी लिहितो. फत्तरचाटू हा बोटाएवढा मिशाळ मासा, शिंगटीच्या जातीतला. अंगावर खवले नाहीत. छातीखाली वळ्या असतात, त्यांच्या जोरावर तो दगडाला असा घट्ट चिकटतो की पुराचे पाणी वरून गेले तरी हलत नाही. मी इथे आलो तेव्हा नवखा, रविवारी करायचे काय म्हणून पवनेवर जाऊन बसायचो. तिथे चिंचवडगावच्या धोंडीबा भोयाने ओला दगड उलटा करून तो मला दाखवला. म्हणाला, "ह्यो बग. ह्याला वाहतं पानी लागतंय, न्हाईतर मरतंय." मी त्याच आठवड्यात अँगल आणि काचा आणून पहिली टाकी बांधली. एका भंगार पंख्याची मोटर आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन हवेचा पंप केला. तो पंप अजून चालतो. बाजारातले रंगीत मासे मला कोणी फुकट दिले तरी नकोत.

सन १९७० च्या सुमारास एका कारखान्याचा नाला नदीत आला. नाव लिहीत नाही, म्हातारपणी कोर्टकचेरी नको. पण नाल्याच्या खाली आज दगड उलटा केला तर हाताला काळे तेल लागते, बाकी काही नाही. मी तक्रार घेऊन गेलो तर तिथल्या साहेबाने विचारले, "खायचे मासे आहेत का?" नाही म्हटल्यावर तो हसला. त्या हसण्याला मी अजून माफ केलेले नाही, आणि मेल्यावरही करणार नाही.

कलम ४. माझा मेहुणा सोपानराव. हा सन १९७२ मध्ये भाऊबिजेला आला. मोरीतल्या घमेल्यात मी एक शिंगटी आजारी म्हणून वेगळी ठेवली होती. पिवळ्या पट्ट्याची, तशी मला पुन्हा कधी मिळाली नाही. मी पहिल्या शिफ्टवरून घरी आलो तर ती रश्श्यात होती. सोपानराव बोटे चाटत म्हणतो, "दाजी, काटे फार हो!" या माणसाला माझ्या मालमत्तेतून तो रस्सा केला ती कढई द्यावी. दुसरे काहीही देऊ नये. कढई घासून देऊ नये.

कलम ५. पुण्याचे एक प्राध्यापक माझ्याकडे तीन वेळा आले. माझ्या खुर्चीत बसले, माझा चहा प्यायले, माझ्या वहीतून सगळे उतरवून घेतले: पाणी केवढे थंड लागते, काय खातात, कोणता मासा कोणत्या दगडावर बसतो. शेवटी अभ्यासाला म्हणून तीन फत्तरचाटू मागितले. मी पाण्याच्या डब्यात घालून, झाकणाला भोके पाडून दिले. त्यांनी ते स्पिरिटच्या बाटलीत घातले. पुढे छापून आले त्यात त्यांचे नाव होते, नदीचे होते, माझे नव्हते. ते पुन्हा आलेच तर कस्तुराने चहा द्यावा, आम्ही तेवढे हलके नाही. मासा देऊ नये. वही तर दाखवूही नये.

कलम ६. माझा मुलगा मालोजी, वय तीस, हल्ली तळवड्याला एका वर्कशॉपात लेथवर, याला माझ्या मालमत्तेतून काहीही मिळू नये. कारण लिहितो. सन १९७४ ची खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांना आणि यंत्रांना हळदीकुंकू लागते, झेंडू वाहतात आणि कोणतेही यंत्र चालवत नाहीत. मी सकाळी कंपनीच्या पूजेला गेलो. मालोजीने घरात पंपाच्या मोटरला हळदीकुंकू लावले, झेंडूचा हार घातला आणि स्वतःच्या हाताने बटण बंद केले. मी पाचला पेढे घेऊन आलो. दिवसभर ऑक्टोबरचे ऊन पत्र्यावर होते. टाकीत सतरा फत्तरचाटू होते. पंधरा काचेवरून सुटून तळाला पडले होते, पोटे वर. तेवीस वर्षांच्या पोराला मी चाळीसमोर थोबाडीत मारली. तो तसाच आत वळला. कपडे घेऊन गेला. सात वर्षे या घरात त्याचे पाऊल नाही, आणि मी बोलावलेले नाही. कस्तुरा त्याला भेटते हे मला माहीत आहे. तिने ते लपवायचे कष्ट घेऊ नयेत.

कलम ७. त्यानंतर धोंडीबा दर वर्षी दसऱ्याच्या मागेपुढे डब्यातून दोन-तीन फत्तरचाटू आणून देत गेला. त्यातले काही मेले, काही जगले, म्हणून आज टाकीत नऊ आहेत. पवनेच्या धरणाच्या वर, जिथे पाणी अजून पाणी आहे, तिथून धरून आणलेले. सबब ही टाकी, पंप आणि नऊही मासे धोंडीबा नथू भोई यांना द्यावेत, कारण या सगळ्या गावात त्यांची कदर असलेला तो एकच माणूस आहे.

वरील कलम ७ मी रेघ मारून रद्द केले आहे. रेघ माझ्या हातची आहे. झाले ते असे. आज सकाळी साक्षीला धोंडीबाला आणि शेजारचे उद्धवराव मास्तर यांना बोलावले. मास्तरांनी लेख वाचला आणि म्हणाले, "कणसे, ज्याला वस्तू मिळते त्याने साक्ष घालू नये. धोंडीबा चालणार नाहीत."

धोंडीबा म्हणाला, "मला काय मिळतंय?"

"मासे," मी म्हणालो. "तुझेच आहेत. तूच धरलेस."

तो गुडघा चोळू लागला. मग म्हणाला, "न्हाई, जोतीराव. एकबी म्या धरला न्हाई. ह्या गुडघ्यानं मला पान्यात उतरू दिलंय व्हय? तुजं पोरगं धरतंय. रजा काडून धरनाच्या वर जातंय, दिवसभर पान्यात उबं ऱ्हातंय. डबा माज्या दारात ठेवतंय आन् म्हनतंय, माजं नाव सांगू नका, बाप गटारात वतील."

मी त्याच्यावर ओरडलो. सात वर्षे मला फसवलेस, आधी का बोलला नाहीस, भाड्या, चालता हो माझ्या घरातून! तो हलला नाही. पलीकडच्या खोलीतून कस्तुराच्या रडण्याचा आवाज आला. म्हणजे हिलाही माहीत होते. सगळ्यांना माहीत होते. मास्तर चष्मा पुसत राहिले.

मी खरेच गटारात ओतले असते. हे मला माहीत आहे, म्हणून जास्त संताप आला.

कलम ८. शुद्धीवर असल्याचे वर लिहिले आहे, तर पूर्ण शुद्धीने लिहितो. कलम ६ मध्ये मी एक गोष्ट गाळली. सात वर्षे सगळ्यांना सांगताना गाळत आलो. त्या सकाळी चप्पल घालताना मी मालोजीला बजावले होते: "आज या घरात एकही यंत्र फिरता कामा नये. मी आल्यावर फिरताना दिसले तर याद राख." माझ्या डोक्यात ड्रिल होते, कस्तुराचे शिवणयंत्र होते. पंप माझ्या डोक्यात आलाच नाही. तो रात्रंदिवस चालतो, त्याचा आवाज मला ऐकूच येत नाही. पोराने विचारले होते, "सगळी, आबा?" मी म्हणालो, "सगळी म्हणजे सगळी. मराठी कळत नाही का?"

त्याला मराठी कळत होती. म्हणूनच त्याने बटण बंद केले. आणि चाळीसमोर मार खाताना माझे हे वाक्य त्याने लोकांना सांगितले नाही.

माझा राग गेलेला नाही. तो सात वर्षे चुकीच्या दारात उभा होता, एवढेच आज कळले.

सबब कलम ६ देखील रद्द. टाकी, पंप, वही आणि नऊही फत्तरचाटू माझा मुलगा मालोजी ज्योतीराम कणसे याचे. व्हाइस आणि कानशीही त्याच्याच. टूलरूमच्या पोरांनी हातोड्यांवर भागवावे. कलम ४ मध्ये काडीचाही बदल नाही.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. तेवढे थांबायची माझी तयारी नाही. सह्या झाल्या की उद्धवराव मास्तरांनी तळवड्याची बस धरावी, हा कागद मालोजीच्या हातात द्यावा आणि त्याला घेऊन यावे. यायला तयार नसेल तर सांगावे की म्हाताऱ्याला पंपाचे रबर बदलायचे आहे आणि त्याचे हात कापतात. हे खोटे नाही.

लिहून ठेवणार: ज्योतीराम सयाजी कणसे (सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली आणि ज्यांना या लेखातून काहीही मिळत नाही:
१. उद्धवराव रामजी शितोळे, निवृत्त शिक्षक (सही)
२. धोंडीबा नथू भोई, चिंचवडगाव (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ: चिंचवड. आश्विन शुद्ध नवमी, शके १९०३, सन १९८१. खंडेनवमी. मोटरला हळदीकुंकू लावले, हार घातला. मोटर चालू आहे.