समुद्राचा सभासद

दि. ४ ऑगस्ट २०२५, सोमवार

मी, कारभारी सदाशिव गाडेकर, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी (प्रथम क्रमांक), राहणार तालुका राहाता, साखर कारखान्याचा चौतीस वर्षांचा सभासद, आज माझी संमती न विचारता समुद्राचाही सभासद केला गेलो आहे, असे येथे नमूद करतो.

टपालाने पत्र आले. थोरला मुलगा गोरक्ष हयात नाही; त्याची कन्या आरती गोव्यास समुद्राच्या संशोधनात आहे. तिने तेथील मंडळाची वार्षिक वर्गणी माझ्या नावे भरली. सभासदांच्या वर्गणीतून मंडळ पाणी मोजण्याची यंत्रे समुद्रात सोडते. सोबत देवमाशाचा बिल्ला! हा लावून मी जावे कोठे — बाजार समितीत?

धाकटा अमृत पोट धरून हसला. "अण्णा, कारखाना साखर देतो. हे दिवाळीला मीठ वाटत्याल!"

दुपारी त्यानेच कारखान्याच्या शेअरच्या वारसनोंदीचा अर्ज आणला. वारस म्हणून स्वतःचे नाव आधीच भरलेले. अक्षर सुरेख. म्हणालो, पाहू.

दि. ९ ऑगस्ट

मंडळास लेखी विचारणा केली. सभासदास साखर अथवा तत्सम काही मिळते काय? वार्षिक सभा केव्हा? अहवाल कोठे?

लंकाबाई म्हणाली, "आता समुद्रालाबी जाब इचारा. घरचे पुरले न्हाईत."

सौभाग्यवतीस पाकिटावर तिकीट चिकटवावयास सांगितले.

दि. २१ ऑगस्ट

साखर नाही. अहवाल मात्र आला — छापील, एकसष्ट पाने. म्हणे समुद्र तापला की आपला पाऊस बिघडतो. पाऊस बिघडतो हे राहात्यास कळण्यासाठी जहाज लागत नाही!

पान सतरा : 'एक यंत्र परत मिळाले नाही.' बस्स, एवढेच! पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केले.

दि. २६ सप्टेंबर, शुक्रवार

कारखान्याची वार्षिक सभा. अध्यक्षांनी विषय वाचला की मंडप ओरडतो — मंजूर, मंजूर! चौतीस वर्षांत माझा एकही प्रश्न या आरोळीच्या पलीकडे पोहोचलेला नाही. यंदाही उठलो, यंदाही बसलो. सर्वांत मोठा 'मंजूर' मागील रांगेतून आला. वळून पाहिले — आमचे चिरंजीव! संचालक होण्याची उमेद आहे.

घरी मला समजावीत होता, सभेत इचारायचं नसतं, चहा प्यायचा अन् यायचं.

दि. ५ ऑक्टोबर, रविवार

समुद्राची सभा. मोबाईलवर! कोट घातला, टोपी घातली. बिल्लाही लावला — नियम म्हणून. मोबाईल अमृतने धरला, फुकटची करमणूक म्हणून.

अध्यक्षीण बाईंनी विचारले, कोणास काही शंका? सवयीने आरोळीची वाट पाहिली. कोणीही ओरडले नाही. तेव्हा उभा राहिलो. पान सतरा. यंत्र कोणाच्या हातून गेले?

आता सारे लाटांवर ढकलतील, अशी माझी खात्री होती. समुद्रास साक्षीला बोलावता येत नाही. तोच पडद्यावर आरती आली.

"अण्णा, ते यंत्र मी बांधलं होतं. दोर तपासायचा राहिला. चूक माझी."

दोनशे लोकांदेखत!

अमृत पुटपुटला, "येडी हाय का ही? वादळ आलं हुतं म्हनायचं."

'चूक माझी' — चौतीस सभांत हे दोन शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत. माझ्याही नाहीत. ती गोव्यास निघाली तेव्हा, हे मुलींचे काम नव्हे, असे म्हणून मी निरोपासही उठलो नव्हतो.

दि. ६ ऑक्टोबर

बिल्ला कोटावरून काढावयाचा राहिला आहे.

दि. १७ ऑक्टोबर

वारसनोंद पूर्ण केली. अर्जात भरलेले नाव खोडले. अक्षराबद्दल वाईट वाटले. कारखान्याचा शेअर, सभेत उठून विचारण्याच्या हक्कासह — आरती गोरक्ष गाडेकर. समुद्राचे सभासदत्व, बिल्ल्यासह — अमृत. पुढील वर्गणी त्याने भरावी व सभेस बसावे.

समक्ष : शेजारी अजिनाथ, सही. लंकाबाई, अंगठा, न विचारता 'मंजूर' म्हणाली. अमृतही हजर होता. तो काही ओरडला नाही.