दत्तोबांची चौथी बैठक

११ जानेवारी, शनि.
समुपदेशनाच्या वर्गाचं दुसरं सत्र सुरू. मांजरीहून नारायण पेठेत पोचायला दीड तास, वर्ग दोन तासांचा. तेवीस जण, पुरुष तीन, पन्नाशीच्या वरचा मी एकटा. शेजारी बसणारी ऐश्वर्या आयटीतली, मला काका म्हणते आणि स्वतःच्या नोट्स पाठवते. लिमये मॅडमनी आज प्रात्यक्षिक सांगितलं. एका माणसाची पूर्ण केस हिस्ट्री, चार बैठका, मार्चअखेर अहवाल. त्याशिवाय अॅडव्हान्स डिप्लोमा हातात पडणार नाही. "घरचं माणूस चालणार नाही," म्हणाल्या. "दरवर्षी निम्मा वर्ग सासूबाईंना घेऊन येतो."
कुणाला धरू? बसमध्ये समोरच्या प्रत्येकाकडे त्याच नजरेने बघत होतो. एकाने जागा बदलली.

१४ जाने., संक्रांत
स्वेच्छानिवृत्ती घेऊन दोन वर्षं झाली. वाटलं होतं, आता निवांत. बायको मेधा साडेआठला बँकेत जाते, मग मी या खोलीतून त्या खोलीत. आज दारातून म्हणाली, "खाली तिळगूळ वाट. एखादी केस मिळाली तर बघ. आणि कपडे वाळत घाल, प्रात्यक्षिकात नसले तरी."
खाली बाकावर दत्तोबा. बी विंगमधले, सत्तरीचे. आमच्या तिन्ही इमारती त्यांच्या उसाच्या रानावर उभ्या आहेत. बदल्यात फ्लॅट मिळाले, मुलगा संतोष बांधकामाच्या धंद्यात शिरला. हे दिवसभर बाकावर, पांढरी टोपी, समोर बघत. बायको गेल्या वर्षी गेली. तिळगूळ दिला आणि विचारलं, माझ्या अभ्यासासाठी चार वेळा बोलाल का?
"बोलू की," म्हणाले. "मला तरी कुठं खुरपायला जायाचं हाय."

१९ जाने., रवि.
पहिली बैठक, आमच्या हॉलमध्ये. मेधा मुद्दाम भावाकडे गेली. संमतीपत्र पुढे केलं तर हात मागे घेतला. "सही म्हनलं की बोटं आखडत्यात. सह्या केल्या आन् रान गेलं." तोंडी संमती घेतली. नियम सांगितला, इथलं बोलणं माझ्यापाशी राहील, पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मला सांगावं लागेल.
हसले. "सांगा की. ऐकायला हाय कोन?"
शाळा चौथीपर्यंत. लग्न विसाव्या वर्षी. बायकोचं नाव घेत नाहीत, 'ती' म्हणतात. 'व्यवसाय' या रकान्यापाशी आलो. "शेती." मग खिडकीतून पार्किंगकडे बघून, "न्हाय, ऱ्हाऊ द्या. मोकळंच सोडा."
मी मोकळं सोडलं. माझं मलाही तिथे काय लिहायचं कळत नाही. कुठलाही फॉर्म भरताना त्या रकान्याशी पेन थांबतं.

२ फेब्रु., रवि.
दुसरी बैठक. झोपेबद्दल. पहाटे तीनला जाग येते. जन्मभर त्या वेळी रानात उसाला पाणी द्यायला जायचे, पाळीप्रमाणे वीज यायची. आता रान नाही. तरी उठतात, खाली जातात, सोसायटीच्या हिरवळीवर पाइप सोडून उभे राहतात. आतापर्यंत मला वाटत होतं की नळ गळतो. मीच कमिटीकडे तक्रार केली होती, लेखी. सांगितलं नाही त्यांना.
लि. मॅडम म्हणतात, पेन कमी चालवा. आज तासभर वही मिटून बसलो. पाय हलत होता माझा, त्यांचा नाही.

५ फेब्रु.
करमत नाही. कपाट आवरलं, परत बिघडवलं. मेधाने विचारलं, "हे सगळं तू नक्की कशासाठी शिकतोयस?" टाइमपास म्हणालो. ती म्हणाली, "टाइमपासला माणूस दीड तास बसने जात नाही."
खरं इथे लिहितो. कंपनीतलं शेवटचं वर्ष. माझ्या लाइनवर गजानन होता, माझ्याच यवतमाळकडचा. एका दुपारी येऊन उभा राहिला. "साहेब, जरा बोलाचं होतं." मी म्हटलं, शिफ्ट संपल्यावर. शिफ्ट संपली, तो निघून गेला होता. दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. खोली रिकामी, फोन बंद. गावाकडे विचारलं, त्यांनाही ठाऊक नाही. कुठे आहे, आहे की नाही, मला अजून माहीत नाही. कदाचित रजाच मागायची असेल.
मेधाला सांगायला हवं.

८ फेब्रु., शनि.
वर्ग. मॅडमनी आज आत्महत्येच्या विचारांबद्दल शिकवलं. शंका आली तर सरळ विचारायचं, आडून नाही. विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. जोड्या करून सराव. ऐश्वर्याने मला विचारायचं, मी तिला. तिने सहज विचारलं. माझ्या तोंडून वाक्य निघेना. "काका, इट्स ओके, परत ट्राय करा." तिसऱ्यांदा जमलं, पण आवाज हळू.

१३ फेब्रु., गुरु.
तिसरी बैठक. लगेच लिहून ठेवतो.
दत्तोबा आज टोपी काढून बसले. पहिल्यांदाच. बायकोच्या आजारपणाचं बोलले, शांतपणे. मग म्हणाले, "आता आपन उगी जागा अडवून बसलोय." दोनदा म्हणाले. मी चहा टाकायला उठलो होतो. उठलो ते परत बसलो.
विचारलं. सरळ. "दत्तोबा, जीव द्यावा असं मनात येतं का?"
खाली कुणी तरी गाडी धूत होतं.
"येतं. रोज न्हाय."
"कधी तसं ठरवलं होतंत का?"
"एकदा. दिवाळीनंतर." पुढे, "नातीनं हाक मारली, तिचं दप्तर सापडंना. मंग ऱ्हायलं."
आज तसं वाटतंय का, विचारलं. आज न्हाय म्हणाले. "पन संत्याला सांगू नगा. त्याला कामं हायती."
त्यांना बसवून ठेवलं आणि आतल्या खोलीतून मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मुलाला आजच सांगायचं, उद्यावर ढकलू नका. पण आधी दत्तोबांना सांगा की तुम्ही सांगणार आहात. त्यांच्या पाठीमागे नको. मुलगा येईपर्यंत त्यांना एकटं सोडू नका." मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर पाठवला.
बाहेर येऊन सांगितलं, हे मला माझ्यापाशी ठेवता येणार नाही. पहिल्याच दिवशी बोललो होतो.
माझ्याकडे बघत राहिले. टोपी घातली. "मंग तुमी बी तसलंच, राऊतसाहेब. कागद दावायचा आन् सही घ्यायची."
सही घेतलीच नव्हती.
संतोषला फोन केला, तो साडेसहाला आला. आधी उखडला. "काका, तुमचा अभ्यास तुमच्या घरात करा. अप्पा ठणठणीत आहेत." मी म्हटलं, रागव, पण डॉक्टरांना दाखव आणि तोवर त्यांच्याजवळ कुणीतरी राहा. दिवाळीनंतरचं सांगितलं. दप्तराचं सांगितलं. तो भिंतीला टेकला. मग अप्पांचा हात धरून, लहान मुलाला नेतात तसा, घेऊन गेला.
मेधा आली तेव्हा मी हॉलमध्ये उभाच होतो. तिला सगळं सांगितलं. गजाननचंही. तिने वरणभात लावला आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

१७ फेब्रु.
बाक रिकामा. संतोषला दोन मेसेज टाकले, दोन्ही वाचलेले दिसतात. उत्तर नाही. बाल्कनीतून बी विंग दिसते, त्यांची खिडकी दिसत नाही. मेधा म्हणाली, "तू इथे उभं राहून त्यांचा चौथा मजला फिरणार आहे का इकडे?"
नाही फिरत.

२० फेब्रु.
संतोषचा मेसेज: 'अप्पांना डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या चालू. दर आठवड्याला बोलावलंय. पहाटे मी त्यांच्याबरोबर खाली येतो. तुमचं नाव काढू देत नाहीत. थँक्स.'
चार वेळा वाचला. चांगलं आहे की वाईट, ठरवता येईना. चांगलंच आहे. मग पाचव्यांदा वाचला.

२२ फेब्रु., शनि.
वर्गानंतर मॅडमना गाठलं. म्हटलं, माझी केस मोडली. दुसरा माणूस शोधू का? त्या कागद आवरत होत्या. "तुम्ही जे केलं तेच करायचं होतं."
"ते बोलत नाहीत माझ्याशी."
"मग? तुम्हाला बक्षीस हवं होतं?" थोडं थांबून, "तीन बैठकांवर लिहा. चौथी का झाली नाही तेही लिहा. मार्क जातील थोडे."
जिना उतरताना राग आला त्यांचा. लक्ष्मी रोडपर्यंत चालत गेलो, बस चुकली. खरं तर बक्षीसच हवं होतं.

४ मार्च
अहवाल लिहायला बसतो आणि उठतो. नाव बदलून 'श्री. द.' केलं. 'श्री. द. यांनी उदास मनःस्थिती नोंदवली.' त्यांनी कुठे नोंदवली? त्यांनी टोपी काढली. ते लिहायला रकाना नाही. पुसलं. कणीक भिजवली. मेधा म्हणाली, पाणी जास्त झालंय.

९ मार्च, रवि.
सकाळी लिफ्टमधून उतरलो तर समोर दत्तोबा, नातीबरोबर. गाल बसलेत, दाढी मात्र केलेली. नात म्हणाली, "आजोबा, ते काका." त्यांनी मान वळवली आणि तिला गेटाकडे घेऊन गेले. चालत होते ते नीट. पाठमोरे बघत राहिलो. आहेत, एवढं मनात घोळत होतं. दिवसभर.

२१ मार्च
अहवाल झाला, सतरा पानं. 'निष्कर्ष'मध्ये अडकलोय. ऐश्वर्या म्हणते, काका, टेम्प्लेट पाठवू? नको म्हटलं. सोमवारी द्यायचा आहे.

२३ मार्च, रवि.
आज गेलो. मेधाला सांगितलं नाही, तिला कळलं असणार, बाजूला झाली दारातून.
बी विंग, चौथा मजला. जाताना वाक्यं जुळवली होती. मला वाईट वाटतं. मला तेच करावं लागलं. अहवालात तुमचं नाव नाही. बेल वाजवली आणि एकही आठवलं नाही.
दार दत्तोबांनीच उघडलं. "काय?"
"काही नाही. सहज आलो."
दाराची कड धरून उभे राहिले. आत घ्यायचं नाही, लावायचंही नाही, असं अर्ध्यावर. आतून सूनबाईंचा आवाज आला, "अप्पा, कोण आलंय हो?"
माझ्याकडे बघून म्हणाले, "कुनी न्हाय."
आणि आत गेले. दार तसंच उघडं. आत खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, मग टीव्हीचा. त्यांना दार लावायचं राहून गेलं, की त्यांनी मुद्दाम उघडं ठेवलं, कळेना.
मी उंबऱ्याबाहेर. एक चप्पल काढलेली, एक पायात.