मधलं फळ

तोत्तोरी, ६ मे १९५५

ती. ताईस,
सुझुएचे शि. सा. न. वि. वि.

तुझं पार्सल परवा पोहोचलं. सफरचंदाच्या वाळवलेल्या चकत्या दोन पिशव्या, घरचा मीसो, तुझ्या हातचं आंबवलेलं सोयाबीन, एक डबा, कामाच्या वेळी बाह्यांवर चढवायच्या खोळी एक जोड, सगळं नीट आलं. वर लिहिलेलं टपालाचं हशील मात्र मी दोनदा वाचलं. एकशे वीस येन! अगं, त्यात तोफूच्या आठ वड्या येतात. यापुढे कुणी इकडे येणारं असेल तरच पाठवत जा. चकत्या आधी अमिदा बुद्धांपुढे ठेवल्या, मग सासूबाईंना दिल्या. चावता चावता त्या म्हणाल्या की तुमच्या माहेरी त्सुगारूत माणसांना दात जरा जास्तच असतात वाटतं.

त्या म्हणाल्या ते पडूनच. गेल्या महिन्यात परसातली नाशपाती फुलली. शिडीवर चढून त्या कुंच्यानं एकेका फुलाला पराग लावत होत्या. अगदी शेवटच्या फांदीपाशी पाय निसटला. उजवं मनगट मोडलं, कंबर दुखावली. तीन महिने पुढच्या खोलीतून हलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. आठ वर्षांत मला त्या झाडाखालचा पालासुद्धा झाडू दिला नव्हता, पण यंदाची विरळणी माझ्यावर आली.

त्या झाडाचं काय एवढं, ते तुला मागे लिहिलं होतं. ह्यांची बहीण मिनेको नऊ वर्षांपूर्वी मामंजींनी जमवलेलं लग्न मोडून कोबेच्या एका आचाऱ्याबरोबर गेली. मामंजी त्याच साली वारले, आणि सासूबाईंनी चारचौघांत सांगितलं की मला मुलगी नाही. तरी दर सप्टेंबरात वीस फळं निवडून टोपली कोबेला जाते. आत चिठ्ठी नसते. महिन्याभरानं टोपली धुऊन परत येते, तिच्यातही चिठ्ठी नसते. मायलेकींचं बोलणं म्हणजे एवढंच.

सासूबाईंनी विचारलं की घोसात एकच फळ ठेवायचं असतं, जमेल ना? मी म्हटलं की सफरचंदाच्या शिडीखालीच वाढलेय मी. तीन दिवसांत झाड उरकलं. प्रत्येक घोसातलं मधलं फळ ठेवून बाकीची खुडली, आबांनी शिकवलं तस्सं. शेजारची लांब शिडी आणून शेंडासुद्धा सोडला नाही. तीन बादल्या भरल्या, त्या मात्र उपड्या करवेनात. इतकं देवाचं देणं टाकून द्यायचं! चार मिठात घालून पाहिली, तोंडात धरवेनात.

लोभ आहेच, तो आणखी वाढवलास तरी त्याला हशील पडत नाही.

तुझी,
सुझुए

---

कुरोइशी, १५ मे १९५५

चि. सौ. सुझुए हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र चुलीपुढे वाचलं. वाचता वाचता भात लागला, तरी मला वास आला नाही. सुझुए, मधलं फळ ठेवलंस? नाशपातीचं?

अगं वेडे, मधलं ठेवायचं ते सफरचंदाचं! सफरचंदाच्या घोसात मधलं फूल सगळ्यांत आधी उमलतं, म्हणून ते थोरलं. नाशपाती बाहेरून आत उमलत जाते. तिच्यातलं मधलं फूल शेवटी येतं, ते घोसातलं शेंडेफळ, नेहमीच अशक्त. आबा न्हाणीमागच्या नाशपातीला बाहेरून तिसरं नाहीतर चौथं ठेवायचे. पण तुला ते कुठून ठाऊक असणार? तू कच्चीच तोडून खायचीस, म्हणून ते तुला त्या झाडापाशी फिरकू देत नसत. सफरचंदाच्या चाळीस झाडांवर चढलीस आणि एका नाशपातीनं तुझी फजिती केली.

आता नीट ऐक. मेअखेर फळगळ सुरू होईल. पोसवणार नाहीत ती फळं झाड आपली आपण टाकतं, ते दरवर्षीचंच आहे, त्यात कुणाचा दोष नसतो. गळीतून तगतील अशीच फळं माणसानं आधी हेरून ठेवायची, याचंच नाव विरळणी. तू हेरून ठेवलीस ती नेमकी गळणारी. एखादी फांदी तुझ्या हातून सुटली असेल तर बघ. कधी नव्हे ती तू आळशी निघाली असावीस, असं आज देवाला सांगते आहे.

सासूबाईंना एक शब्द विचारला असतास तर काय झालं असतं? त्सुगारूचं नाक खाली आलं असतं, होय ना? आता कुठं आलंय ते पाहा.

माझी सफरचंदं आत्ता कुठे फुलली आहेत, विरळणी पुढच्या महिन्यात. मला मधलंच ठेवायचंय, काळजी नको.

तुझी काळजी वाहणारी ताई,
तामिनो

---

तोत्तोरी, २९ मे १९५५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एकही फांदी सुटलेली नाही. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी शिडी लावून पाहिलं. माझ्या मेल्या नेटकेपणाला काय म्हणू!

सोमवारी पहाटे झाडाखाली गेले आणि पाय टाकायला जागा दिसेना. सगळी जमीन हिरवी. बोराएवढी फळं, देठासकट. हात लावला तशी फांदीवरची आणखी दोन हातात आली, देठानं धरलेलीच नव्हती. मी अमिदांचं नाव घेत तिथंच बसले. मग भानावर येऊन, कुणी उठायच्या आत सगळी बादलीत भरून खताच्या खड्ड्यात पुरली. तेव्हापासून रोजची हीच पहाट आहे. काल मोजली, झाडावर अकरा उरलीत, आणि त्यांतलं धड एक नाही. कुणी वाकडं, कुणी एका बाजूनं आखडलेलं.

याहून वाईट पुढेच आहे. कोळशाच्या कोठीवर पत्रा आहे, त्यावर फळ पडलं की पुढच्या खोलीत आवाज जातो. मला वाटलं, संपलं आता. पण सासूबाईंनीच मला जवळ बोलावून धीर दिला! म्हणाल्या की घाबरू नकोस, पहिल्या वर्षी मीही रडले होते, ही झाडाची रीतच आहे, तुझा हात चांगला आहे. ताई, त्या वेळी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

आणि त्या नुसत्या पडून नाहीत. कीड लागू नये म्हणून फळांवर चढवायच्या पिशव्या करताहेत, जुनं वर्तमानपत्र गुडघ्याखाली दाबून, डाव्या हातानं खळ लावून. एकशे चाळीस झाल्यात. रोज दहा माझ्या हातात देतात आणि विचारतात की कालच्या चढवल्यास का. मी हो म्हणते. आठ वर्षांत या घरात मी खोटं बोलले नव्हते, आता रोज सकाळी एक बोलते आणि मग देवापुढे बसते. हे कचेरीतून येतात, जेवतात, निजतात. परसात काय चाललंय ते ह्यांच्या गावीही नाही.

सप्टेंबरात टोपली गेली नाही तर मिनेकोवन्सं काय समजतील? एकतर आई गेली, नाहीतर आईनं कायमचं दार लावलं. वीस चांगली फळं बाजारातून आणावी म्हटलं, तर सासूबाई देठ पाहून झाड ओळखतात.

काय करू ते लिही. लोभाला मी पात्र उरले नाही, तरी असू दे.

तुझी,
सुझुए

---

कुरोइशी, ७ जून १९५५

चि. सौ. सुझुए हिस,
आशीर्वाद.

पिशव्यांचं वाचलं. तू त्या माउलीकडून नसलेल्या फळांना कपडे शिवून घेते आहेस! हे पत्र खाली ठेव, पुढच्या खोलीत जा आणि सांग. फळं माझ्याही हातून चुकली असती, पण त्या पिशव्या मी घेतल्या नसत्या.

हाकलून दिलंच तर इकडे ये. इथली विरळणी सुरू झाली आहे, मजुरी देईन.

तामिनो

---

तोत्तोरी, १९ जून १९५५

सौ. मिनेकोवन्सं यांस,
सुझुएचा सा. न. वि. वि.

आपण एकमेकींना पाहिलेलं नाही. मी तुमची वहिनी. पत्ता टोपलीला बाहेरून बांधायच्या पत्त्याच्या पट्टीवरून घेतला.

आधी हे वाचा: आई आहेत. यंदा टोपली येणार नाही, आणि त्याचा दुसरा काही अर्थ काढू नका. दोष सर्वस्वी माझा आहे. मी सफरचंदांच्या घरची. विरळणी करताना तुमच्या झाडावरची अशक्त फळं ठेवली आणि चांगली खुडली. ठेवलेली गळून गेली.

हे आईंपासून मी तीन आठवडे लपवलं. गेल्या रविवारी त्यांच्यापुढे जमिनीला डोकं टेकून सांगितलं. त्यांनी तुमच्या दादांना हाक मारली आणि त्यांच्या पाठीवर बसून परसात आल्या. फांदी न् फांदी पाहिली. मग एवढंच विचारलं की शेंड्यापर्यंत? मी म्हटलं, शेंड्यापर्यंत. तुमचे दादा मध्ये काही बोलायला गेले, तर त्यांना म्हणाल्या की तू घोडा आहेस, गप उभा राहा.

त्यानंतर दोन दिवस चहाशिवाय काही घेतलं नाही. मी माझी बोचकी बांधून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी धीर करून म्हटलं की सात फळं उरलीत, तीच पाठवू. तशा त्या ताडकन उठून बसल्या. म्हणाल्या की असली वाकडी? तिला वाटेल आईनं टोमणा पाठवला! मग माझ्यावरच ओरडल्या की बघतेस काय, कागद आण.

त्यांचा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून मी लिहीत गेले. पहिलं वाक्य सांगितलं की यंदा फळं नाहीत. आणखी काय, असं विचारलं तर म्हणाल्या की आणखी काय लागतं? मग म्हणाल्या, लिही, हात मोडला. लगेच म्हणाल्या की ते नको, उगाच घोर लावून घेईल. पण मी शाईनं लिहून बसले होते. मग म्हणाल्या की नऊ वर्षं फळं खाल्लीस, ती गोड होती की पाणचट ते एकदाही कळवलं नाहीस. तेही खोडायला सांगितलं. घरात चांगला ताव एकच होता, त्यावर नुसती खाडाखोड झाली, म्हणून त्या बोलल्या ते सगळं, खोडलेलं धरून, मी या साध्या कागदावर सरळ उतरवून काढते आहे. त्यांना वाटतंय की पत्रात एकच ओळ आहे.

मग मला उशी सारखी करायला लावली. म्हणाल्या की त्या माणसाला नाशपाती आवडते का, तेवढं विचार. मी विचारलं की त्यांना आचारी असं लिहू की आणखी काही. म्हणाल्या की तुला फळं ओळखता येत नाहीत ती नाहीत, नातीही ओळखता येत नाहीत का? तेव्हा जावयांना नाशपाती आवडते का, असं आई विचारताहेत.

शेवटी मी म्हटलं की ऑगस्टात बोनच्या सणाला या, असं लिहू? पितर घरी येतात, तर घरच्यांनीही यावं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी दौतीला झाकण लावलं, भांडीसुद्धा घासून आले, तेव्हा भिंतीकडूनच म्हणाल्या की ऑगस्टपर्यंत मी हिंडायला लागेन, पुढची खोली मोकळी होईल.

वन्सं, तुम्हाला मुलंबाळं किती, हेही या घरात कुणाला ठाऊक नाही. आईंनी ते विचारायला सांगितलेलं नाही, मीच विचारते आहे, कारण मला तांदूळ मोजून भरावा लागतो. तेव्हा किती ताटं मांडू ते उलट टपाली कळवा.

तुमची वहिनी,
सुझुए