आर्डिसच्या न्हाणीघराचं काम लायसन्सवालीला का दिलं

फर्न लेक, मिनेसोटा
ऑक्टोबर, बहुधा मंगळवार

आदरणीय ऑर्व्हिलदादांना,

लाइलचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि तुमच्या कुत्रीचा गुडघा, दोन्ही आता बरे असावेत अशी आशा आहे (कोणाच्या गुडघ्याला शेक द्यायचा आणि कोणाच्या गुडघ्याला गोळी, ते मागच्या पत्रावरून नीट कळलं नाही). तुमच्या नॉर्थ डकोटात बर्फ पडून गेल्याचं रेडिओवर ऐकलं. आमच्याकडे अजून नाही, पण तक्रार नाही. तुमची धाकटी बहीण आर्डिस, म्हणजे माझी बायको, तळ्याकाठच्या शुश्रूषा केंद्रात मजेत आहे. खुब्याचं हाड जुळलं आहे, वॉकर धरून चालते आणि शेजारच्या बाईला पत्त्यांत हरवते.

तुम्ही फोनवर विचारलंत, 'न्हाणीघराचं काम मला न सांगता परक्या बाईला का दिलंत?' त्यात राग नव्हता हे मी ओळखलं, कारण त्यानंतर तुम्ही लगेच हवामानाबद्दल बोलायला लागलात. तेव्हा सगळं सविस्तर सांगतो. आर्डिस जिन्यावरून पडली आणि डॉक्टरांनी तिला जिना कायमचा बंद केला. आपल्या घरात न्हाणीघर एकच आणि तेही माडीवर. म्हणजे खाली शिवणाच्या खोलीत नवीन करायचं आणि ते झालं की तिला घरी आणायचं, असं ठरलं. मधल्या काळात केंद्रातल्या लोकांनी तिला कायमची खोली देऊ केली. खिडकी आहे, खिडकीबाहेर गाड्या उभ्या करायची जागा आहे. महिनाअखेरीला हो की नाही ते कळवायचं. आर्डिस म्हणाली, बघू. तिच्या 'बघू'ला मी आमचं लग्न झाल्यापासून घाबरतो.

आता तुमच्या हातच्या कामाबद्दल आम्ही अजूनही चांगलंच बोलतो. माडीवरचं न्हाणीघर तुम्ही एकट्याने बांधलंत, कोणाची परवानगी न घेता, आणि इतकी वर्षं ते उभं आहे. फरशीला थोडा उतार आहे, त्यामुळे पडलेला साबण शोधावा लागत नाही, तो दारापाशी येऊन थांबतो. संडासात गरम पाणी येतं, त्याचं थंडीत पाहुण्यांना कौतुक वाटतं. पण या वेळी नगरपालिकेचा माणूस तपासायला येणार होता आणि तो बाहेरगावचा, त्याला कौतुक वाटेलच असं नाही. म्हणून राज्याचं लायसन्स असलेली काँट्रॅक्टर पाहिली. नाव रोझान पेट्रिल्लो. मूळची न्यू जर्सीची, आपल्या गावच्या कर्ट निगार्डशी लग्न करून इकडे आली. आल्या आल्या तिने लायसन्स दाखवलं, विम्याचा कागद दाखवला, करार वाचून दाखवला. मी कॉफी घेणार का विचारलं, तर हो म्हणाली.

पहिल्याच विचारण्याला, दादा. मी अजून उठलोही नव्हतो. आपल्याकडे माणूस पहिल्यांदा 'नको नको' म्हणतो, दुसऱ्यांदा 'तुम्ही करणार असाल तरच' म्हणतो आणि तिसऱ्यांदा 'अर्धा कप' म्हणून दोन कप पितो. या बाईने पहिल्या फटक्यात कप घेतला, वर लेमन बारच्या गोड वडीचा शेवटचा तुकडा खाल्ला. (शेवटचा. आपल्या चर्चमध्ये शेवटचा तुकडा कापून कापून दाण्याएवढा होतो, पण संपवत कोणी नाही.) मी वाईट वाटून घेतलं नाही. जाताना तिने विचारलं, सोमवारपासून सुरू करू का? आता कोणीही भला माणूस जे म्हणेल तेच मी म्हणालो: माझ्यासाठी मुद्दाम धावपळ नको, तुमच्या सवडीने या.

ती सवडीनेच आली की हो. सोमवारी मी दाढी करून खिडकीत बसलो, मंगळवारी नुसता बसलो. बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी छपरावर चढलेली होती. रविवारी चर्चमध्ये लोक विचारायचे, काम कसं चाललंय, आणि मी म्हणायचो, वाईट नाही. शेवटी मी त्या घरासमोरून सहज म्हणून गाडी नेली, मग सहज म्हणून परत नेली. चौथ्या फेरीला तिने वरूनच विचारलं की काही हवंय का. मी म्हणालो, छे, छप्पर छान दिसतंय. तरी नशीब, तिथलं काम संपलं आणि ती आमच्याकडे आली. मग तिने फरशीचा नमुना दाखवला. रंग उकडलेल्या बिटासारखा, त्यात पांढऱ्या शिरा. मी बराच वेळ पाहून म्हणालो, 'वेगळीच आहे.' याहून कडक शब्द मी आजवर फक्त तुमच्या मेहुण्याच्या टोपीबद्दल वापरला आहे (म्हणजे माझ्याच टोपीबद्दल, आर्डिसने आणली होती). रोझान खूश झाली. तिने ती फरशी जमिनीवर घातली आणि उरली म्हणून अर्ध्या भिंतीपर्यंत चढवली.

खरी पंचाईत दाराची झाली. दार रुंद करायचं तर शेजारचं भिंतीतलं कपबशांचं कपाट थोडं कापावं लागणार होतं, आर्डिसचं. रोझानने विचारलं, कापू की जुनंच दार ठेवू? मी म्हणालो, उगाच कशाला तुम्हाला त्रास. तिने दोनदा बजावलं की वॉकर जाणार नाही, मी दोनदा म्हणालो की होईल कसं तरी. सगळं झाल्यावर तिने स्वतःचा नमुन्याचा वॉकर आणला आणि दारात लावला. तो बाहेरच राहिला. मी म्हणालो, याहून वाईट होऊ शकलं असतं. त्यावर तिने कमरेचा हत्यारांचा पट्टा सोडला, स्वयंपाकघरात माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली,

"लाइलकाका, मला लायसन्स घरं बांधायचं दिलंय, लोकांच्या मनातलं ओळखायचं नाही. तुमची बायको या दारातून आत जायला हवी की नको? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. मी बसले आहे."

आणि खरंच बसली. कॉफीही स्वतःच ओतून घेतली. तिचा कप संपत आला तेव्हा मी 'हो' म्हणालो. भर प्रार्थनेत शिंक आल्यासारखं वाटलं. पण दादा, एकदा तोंड उघडलं की माणसाला चटक लागते. दुसऱ्या दिवशी धरायच्या दांडीची उंची चुकली होती, मी म्हणालो 'नाही'. दिव्याचं बटण, 'इकडे'. भाजलेल्या मांस-भाजीची हॉटडिश घेऊन आलेल्या शेजारणीला मी सांगितलं की त्यातले हिरवे वाटाणे मला आवडत नाहीत. ती अजून सावरलेली नाही. कपाट कापलं, दार रुंद झालं, नगरपालिकेचा माणूस सही करून गेला आणि मी नवा शर्ट घालून आर्डिसला आणायला गेलो.

ती खिडकीपाशी बसली होती, बॅग पलंगाखाली होती. मी म्हणालो, झालं तयार, चल. ती म्हणाली, "कशाला तुला त्रास? इथे बरं चाललंय. जेवण वेळेवर मिळतं." आणि मी, ज्याने हो आणि नाही नुकतंच शिकून घेतलं होतं, तो म्हणालो, बरं. टोपी घातली आणि घरी आलो.

तेव्हा सगळं ठीक आहे. रोज फोनवर बोलतो, बहुतेक खारींबद्दल. न्हाणीघर कोरं करकरीत आहे. तुमच्या प्रकृतीला जपा.

तुमचा मेहुणा,
लाइल हॉगरुड

ता. क. तुम्ही कधी इकडून जाणार असाल (मुद्दाम नको), तर सहज केंद्रात डोकवा आणि आर्डिसला एकदा विचारा. तिने एकदाच नको म्हटलंय. अजून दोनदा विचारायचं राहिलंय आणि मी टोपी घालून बसलोय. महिना संपत आला.

दुसरा ता. क. रोझान बिल द्यायला आली होती, तिने विचारलं पत्र कोणाला. सांगितल्यावर म्हणाली, "बायको तुमची की त्यांची?" म्हणून पाकीट तसंच ठेवून मी केंद्रात गेलो. आर्डिसला विचारलं नाहीच. सांगितलं की मला तू घरी हवी आहेस, संध्याकाळी घर मला खायला उठतं. एवढं मोठं वाक्य याआधी मी तिच्याशी फक्त लग्नाच्या वेळी, पाद्री सांगत होता म्हणून बोललो होतो. तिने वॉकर जवळ ओढला. मग म्हणाली, "ती बॅग तेव्हापासून भरलेलीच आहे, लाइल." आता ती इथे माझ्यासमोर बसून कापलेल्या कपाटाकडे पाहते आहे. तेव्हा तुम्ही येण्याची गरज नाही. हे खरोखरचं 'नाही' आहे.

तिसरा ता. क. वरचं रद्द. आर्डिस न्हाणीघर पाहून आली. दारातून आरामात गेली, दांडी धरली, बटण दाबलं आणि म्हणाली, फरशी वेगळीच आहे. रोझानला सांगायची सोय नाही, इतक्या मनापासून केलंय, तिला वाईट वाटेल. तेव्हा ती तिच्या माहेरी न्यू जर्सीला जाईल त्या आठवड्यात या. फरशी काढायला हत्यारांची पेटी घेऊन या. परवानगी काढणार नाही.