एकशे चाळीस ओळींचं कॅलेंडर

२ मे
ठरलं. टीमसाठी एकच शेअर्ड कॅलेंडर. मीटिंगमध्ये बाईंनी, म्हणजे मालकीणबाईंनी विचारलं, आपल्या डेडलाइन नेमक्या असतात कुठे? सगळे काकूंकडे बघायला लागले. आम्ही शाळेची पुस्तकं तयार करतो, आणि कुठलं पुस्तक कधी छापखान्यात जायचं ते सगळं काकूंच्या एक्सेल शीटमध्ये. काकू प्रूफं तपासतात. शीट अकरा वर्षांची आहे. पिवळा रंग म्हणजे घाई, गुलाबी म्हणजे फार घाई. ही काय पद्धत झाली? मी हात वर केला. दोन दिवसांत करतो म्हणालो. बाई म्हणाल्या, बघा हं. जुलैत 'नियोजन प्रमुख' नेमायचा आहे. त्या 'बघा हं'मध्ये बरंच काही होतं.

३ मे
काम किरकोळ आहे. शीट निवडायची, इम्पोर्ट म्हणायचं, चहा प्यायचा. आज तिसरा टप्पा चार वेळा पूर्ण केला.

५ मे, दुपारी
झालं इम्पोर्ट! एकशे चाळीस ओळींपैकी पंचावन्न उमटल्या, बाकीच्या गळल्या. परत मोजल्या, पंचावन्नच. मग लक्षात आलं, महत्त्वाचं काय ते सॉफ्टवेअरला कळत असणार. आपल्याकडे फालतू नोंदी फार, हे मी पहिल्यापासून म्हणतोय.
एक नोंद स्वतः तपासली. आजचीच, ५ मे. तंतोतंत! शितावरून भाताची परीक्षा. बाकीच्या बघत बसलो नाही.
काकू टेबलाशी येऊन दिवस-महिना, महिना-दिवस असं काहीतरी सांगत होत्या. या वयात बदल पचायला वेळ लागतो. मी समजूतदारपणे मान हलवली.

६ मे
अकरा जणांना शेअर केलं. प्रत्येक नोंदीला तीन रिमाइंडर: आठवडाभर आधी, एक दिवस आधी, तासभर आधी. साडेअकराला अख्ख्या ऑफिसचे फोन एकदम वाजले. कामाचं वातावरण म्हणतात ते हेच.

६ मे, संध्याकाळी
माझं खासगी कॅलेंडरही सोबत शेअर झालेलं दिसतंय. बाईंनी जाता जाता विचारलं, सासूबाईंना फोन केलात का? आणि 'बाईंसमोर कमी मान डोलावणे (रोज)' ही नोंद कोणाची, असंही विचारलं. मी मान डोलावली.

७ मे
कॅलेंडर म्हणतं, नकाशांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ १२ मेला द्यायचं. पाच दिवस! शीटच्या भरवशावर राहिलो असतो तर बुडालोच होतो. चित्रकाराला बोलावलं. ऑफिसात त्याला सगळे 'उद्या' म्हणतात, कारण काहीही मागितलं की तो तेवढंच म्हणतो. तोसुद्धा हादरला. काकू म्हणाल्या, अहो, ते डिसेंबरचं आहे, पाच डिसेंबर, तुमचा दिवस आणि महिना उलटा झालाय. मी म्हणालो, काकू, कॅलेंडर खोटं बोलत नाही. आणि मान हलवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि प्रूफांकडे वळल्या.

१२ मे
दिलं! उद्याचे डोळे सुजलेत, पण मुखपृष्ठ झकास. बायकोला सांगितलं, आता ती जागा माझीच समज. ती म्हणाली, बरं, येताना दूध आणलंत का? दूरदृष्टी असलेल्या माणसाच्या घरचं असंच असतं.

१४ मे
नकाशांच्या पुस्तकाच्या लेखकांचा बाईंना फोन. मुखपृष्ठ पाहून त्यांना गहिवरून आलं. फक्त पुस्तक लिहायला त्यांनी अजून घेतलेलं नाही. खरं तर विषयच बदलायचा विचार होता, पण आता नकाशांवरच लिहावं लागणार. फोन ठेवून बाई माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. सात महिने आधी काम! कौतुकाला शब्द सापडत नसावेत.

२८ मे
जूनमध्ये जवळजवळ काहीच नाही. चोख नियोजन केलं की असा मोकळा श्वास घेता येतो. सगळ्यांना म्हटलं, रजा घ्या. मीही पाच ते नऊ घेतली. सासूबाईंकडे जाऊन येऊ. चौथीचं विज्ञान तेवढं ६ जुलैला छापखान्यात जायचंय. काकूंनी परत तेच उलटसुलट पुराण लावलं. मान हलवली. रजा त्यांनी घेतली नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मला काम आहे, म्हणाल्या. घरगुती असावं. खोदून विचारलं नाही.

७ जून, सकाळी १०.२०
सासूबाईंच्या अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. छापखान्याच्या फोरमनचा फोन. चौथीचं विज्ञान आज मशीनवर छपाईला चढतंय, म्हणाला. मी म्हणालो, ते तर जुलैत! तो म्हणाला, साहेब, जुलैत शाळा सुरू होऊन महिना होईल. पुढचं ऐकायच्या आत मी फोन ठेवला. चाळीस हजार मुलं, पुस्तकाविना. उद्याचा फोन बंद. बाईंना लावायचा धीर होईना. बायको म्हणाली, इथे बसून काय होणार, ऑफिसला जा. निघालो.

७ जून, दुपारी १.१५
ऑफिसात काकू आणि उद्या चहा पीत होते. फाइल्स कालच संध्याकाळी गेल्या. फोरमनला फक्त बेडकाच्या चित्राचा हिरवा रंग विचारायचा होता.
काकूंनी कागद घेतला, त्यावर ७/६ लिहिलं. म्हणाल्या, तुमचं कॅलेंडर आधी महिना वाचतं, मग दिवस. म्हणून सात जूनचा सहा जुलै झाला. बाराच्या पुढचा महिनाच नसतो, म्हणून त्या तारखा गळल्या. आणि पाच मे उलटा केला तरी पाच मेच.
मी म्हणालो, हे आधी नाही का सांगायचं? त्या म्हणाल्या, तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तुम्ही मान हलवलीत.
उद्या खिडकीबाहेर बघत होता. त्याची रजा काकूंनी तीन दिवसांपूर्वीच मोडली होती. मला कोणीही रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. काकूंनी माझ्यासाठीही अर्धा कप ओतला.

१० जून
बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. नियोजन प्रमुख काकू. जुलैपासून नव्हे, आजपासून. त्यांनी एकाच दुपारी एकशे चाळीसच्या एकशे चाळीस ओळी कॅलेंडरमध्ये बसवल्या, रंगांसकट. बाई म्हणाल्या, मूळ कल्पना मात्र तुमचीच हं. हे वाक्य जपून ठेवावं असं आहे.
नव्या कॅलेंडरवर बाकी सगळ्यांना बदल करता येतात. मला काकूंनी वेगळी परवानगी दिली आहे: फक्त पाहण्याची. वरच्या माणसानं बारीकसारीक नोंदींत हात घालू नये, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

११ जून, सकाळी ९.५०
पाहिलं. येत्या सोमवारी एक नोंद आहे. 'तारीख कशी लिहावी, अर्धा तास, नवीन लोकांसाठी.' खाली परवाच लागलेल्या दोघी टायपिस्ट, आणि मी. नोंद पुसायला गेलो. बटण करडं आहे, दाबलं जात नाही.