दाजींच्या नावानं लिहिलेली पत्रं

विश्रामबाग, सांगली
दि. २८ डिसेंबर २०२५

ती. आक्कास,
धाकट्या आकारामचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू पुन्हा डब्यात घालून ठेवलंस, असं प्रियदर्शनी सांगत होती. लेकीचं तरी ऐकावंस. तोवर हे पत्र. निवृत्त मास्तराला लिहायला निमित्तच हवं असतं. इकडे आम्ही ठीक आहोत. थंडीत गुडघा कुरकुरतो, एवढंच. मार्केट यार्डात नवी हळद आली की दोन किलो पाठवतो. गेल्या खेपेची तू साऱ्या आळीला वाटून टाकलीस म्हणे.

आता मुद्द्याचं. मी सांगितलेल्या हकिकतीवरून निघालेल्या 'बारशाला येतो' या पिक्चरला यंदा चाळीस वर्षं होतात. माझा जुना विद्यार्थी ऋषिराज २६ जानेवारीला इथे मोठ्या पडद्यावर तो दाखवणार आहे. तिकिटं संपलीसुद्धा. त्यानं छापलेल्या पत्रकातला मजकूर तुला उतरवून देतो: 'एकाहत्तरची लढाई. जवान हरवल्याची तार येते. सून पोटुशी आहे म्हणून सासरा तार लपवतो, सुनेचा भाऊ जवानाच्या नावानं पत्रं लिहितो, अवघं घर तिला हसवत ठेवतं आणि बारशादिवशी जवान दारात उभा राहतो. मलकापूरच्या एका घराची ही हकिकत.' लढाईचा पिक्चर असून त्यात एकही गोळी सुटत नाही, म्हणूनच तो टिकला, असं मला वाटतं. दर सव्वीस जानेवारीला घरोघर टीव्हीवर लागतो. विशीतली पोरंही डोळे पुसतात.

शेवट बदललाय, हे मी नाकारत नाही. आपले दाजी आले नाहीत. पण लोकांना आशा लागते.

पिक्चरआधी मी चार शब्द बोलणार आहे. मूळ वीरपत्नी म्हणून तुझा शाल देऊन सत्कार करावा, अशी सगळ्यांची इच्छा आहे. गाडी पाठवतो. इतक्या वर्षांत तू एकदाही माझ्याशेजारी बसून तो पिक्चर पाहिला नाहीस. यंदा नाही म्हणू नकोस.

धाकट्यावर माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
आकाराम


मलकापूर, ता. कराड
दि. ३ जानेवारी २०२६

चि. आकाराम यास,
शालूबाईचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी बरी हाय. हळद माझी हाय, मी कुणाला बी वाटीन. गुडघ्याला एरंडेल चोळ आणि सकाळचं उन्हात बस.

सत्काराला मी येणार न्हाई. तुझ्या त्या पिक्चरची मला किळस येते, आकाराम. रागाचं न्हाई म्हणत मी. राग कवाच विझला. भाजीत अळी निघाल्यावर जसं पोटातनं ढवळून येतं, तसं होतं मला.

शेवट बदलला म्हणून न्हाई. कुणाच्या का घरात असंना, माणूस परत आला तर मला काय वाईट वाटंल? कारण दुसरंच हाय. आजवर बोलले न्हाई, आता लिहिते.

ते गेल्याची तार डिसेंबरात आली. मला सांगितलं मे महिन्यात, पोर दीड महिन्याची झाल्यावर. त्या मधल्या दिवसांत तू त्यांच्या नावानं पत्रं लिहिलीस. सोळा वर्सांचा व्हतास, शाळेसाठी आमच्यात राहिला व्हतास, मामंजींनी सांगितलं ते केलंस. ते मी तवाच पोटात घातलं. पण मी पण उत्तरं लिहीत व्हते रं. शाळेला जाता-जाता पेटीत टाक म्हणून तुझ्याच हातात देत व्हते. सगळं उघडं पडलं तवा मी मामंजींच्या पायाशी बसून एकच इचारलं, की माझी पत्रं कुणी फोडली का. त्यांनी देवाची आण घेतली. एक बी फोडलं न्हाई, तशीच जाळली, म्हणाले. तू उंबऱ्यात उभा व्हतास. मान हलवलीस. त्या एका गोष्टीवर मी पुढं जगले. म्हटलं, निदान माझं त्यांच्याशी बोलणं तेवढं माझं राहिलं.

मग जत्रंत तंबूत तुझा पिक्चर आला. सगळ्या आळीच्या बायांसंगं तू मला पुढं बसवलंस. आणि ती नटवी बाई पडद्यावर म्हणाली, "तुमची वाकळ मी उन्हात टाकली न्हाई. तुमचा वास उडून जाईल."

ते माझं वाक्य हाय. नवऱ्याला लिहिलेलं. मामंजींना अक्षर वळखता येत नव्हतं. मग फोडलं कुणी, वाचलं कुणी?

बाया रडत व्हत्या. मी तंबूच्या मागं जाऊन ओकले. त्यांना वाटलं दुःख झालं.

आता ते वाक्य मोटारीच्या मागं लिहितात. कराडात एका चादरीवाल्यानं पाटीवर लावलंय. गेल्या दिवाळीत शेजारची पोरगी मोबाईलवर माझ्याच म्होरं ते म्हणून दाखवत व्हती, गळा काढून. चाळीस वर्सं मी वाट बघितली, की तू एकदा येऊन म्हणशील, आक्का, मी फोडली. तू आलास, जेवलास, पिक्चरचं कौतुक सांगून गेलास. हे एकदा न्हाई म्हणालास.

तेवढं लिही. बाकी मला काय नको.

शालूबाई


विश्रामबाग, सांगली
दि. १० जानेवारी २०२६

ती. आक्कास,
आकारामचा नमस्कार.

होय. मी फोडली. सगळी फोडली, सगळी वाचली.

पहिलं फोडलं ते गरज म्हणून. तू काय विचारलंस ते कळल्याशिवाय दाजींच्या नावानं उत्तर काय लिहिणार? त्यांची जुनी पत्रं पुढ्यात ठेवून मी त्यांचं अक्षर गिरवत होतो. पण तिसऱ्या पत्रापासून मी वाट पाहू लागलो. शाळेतून परतताना ओढ्याकाठी करंजाखाली बसून वाचायचो. तसं कुणी कुणाला लिहितं, हे मला तोवर माहीत नव्हतं. दाजी मेलेत हे ठाऊक असून मी त्यांच्या जागी बसून ते ऐकत होतो. मे महिन्यात तुझ्या मामंजींनी न्हाणीच्या चुलीत जाळायला लावली, तेव्हा ती फोडलेलीच होती. मामंजींना ते माहीत होतं. त्यांनी आण खोटी घेतली, आणि मी मान हलवली.

पिक्चरवाल्यांनी मला गाडीतून हिंडवलं, मास्तर मास्तर केलं. त्यांनी विचारलं, बाई काय लिहायच्या? मी पाठ म्हणून दाखवलं. एवढ्या वर्षांनीही एक शब्द विसरलो नव्हतो, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. आता ते आठवून स्वतःच्याच तोंडावर थुंकावंसं वाटतं.

तंबूत तू मध्येच उठून गेलीस, तेव्हा मला कळलं होतं. कळलं नाही असं समजून चालणं सोपं गेलं. मग लोक टाळ्या वाजवत राहिले.

ऋषिराजला मी कळवतो की मला बरं नाही. कार्यक्रमाला जाणार नाही.

मोठ्या मनानं माफ कर वगैरे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

आकाराम


मलकापूर
दि. १५ जानेवारी २०२६

चि. आकाराम यास,

पत्र वाचलं. दोन दिस चूल पेटवावीशी वाटली न्हाई. शेजारणीनं भाकरी आणून दिली.

बरं न्हाई म्हणून घरात बसायचं न्हाई. चाळीस वर्सं त्या पिक्चरच्या म्होरं उभा राहून भाषणं केलीस न्हवं? मग जा, आणि हे बी त्याच माणसांच्या म्होरं सांग. माणूस आला न्हाई म्हणून सांग. बाईची पत्रं फोडली म्हणून सांग. माझं नाव घेतलंस तरी चालंल.

प्रियाला ऋषिराजचा फोन आला व्हता. शाल घ्यायला ती येणार म्हणते. तिनं तो पिक्चर लहानपणापासनं शंभरदा बघितलाय. येऊ दे. तिला बी कळू दे.

शालूबाई


विश्रामबाग, सांगली
दि. २७ जानेवारी २०२६

ती. आक्कास,
आकारामचा सा. न. वि. वि.

काल सांगितलं. जसं झालं तसं लिहितो.

नाट्यगृह खच्चून भरलं होतं. निम्म्या लोकांच्या घरातलं कुणी ना कुणी फौजेतलं. प्रिया पहिल्या रांगेत. मी कागद नेला नव्हता. म्हटलं, दाजी आले नाहीत. ते डिसेंबरातच गेले होते, आणि माझी बहीण पाच महिने कुंकू लावून एका मेलेल्या माणसाला पत्रं लिहीत होती, ती मी फोडून वाचत होतो. तुम्हाला आवडणारं ते वाकळेचं वाक्य मी तिच्याकडून चोरलंय. ते पुन्हा कुणी म्हणू नका.

मला वाटलं, आता कुणी उठेल, शिवी देईल. कुणी उठलं नाही. मागून एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. ऋषिराजनं ध्वनिक्षेपक घेतला आणि गहिवरून म्हणाला की सरांच्या या कबुलीनं पिक्चरला आणखी उंची आली. दिवे मालवले आणि पिक्चर सुरू झाला. मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. तिथंही आवाज येत होता. वाकळेच्या वाक्याला आत तसेच हुंदके, बारशाला तशीच टाळी. माझ्या सांगण्यानं काडीचाही फरक पडला नाही.

थोड्या वेळानं एक बाई बाहेर आली. चाळिशीची असेल. रेश्मा नाव, माण तालुक्यातली, दहिवडीकडची. नवरा फौजेत होता, सात वर्षांपूर्वी बर्फात गेला. मी तिला विचारलं, तुम्हाला खरं कळलं, तरी आत बसून रडलात? ती म्हणाली, "सर, खरं मला तुमी सांगायच्या आदीपासनं म्हाईत हाय. आमच्या घरी तिरंग्यातली पेटी आली. ह्या पिक्चरमदी माणूस येतो. वर्षातनं एकदा त्याला दारात बघते आन् जाते. एवढंच." मग तुझी चौकशी केली. सत्काराच्या शालीबद्दल म्हणाली, की ती घेऊ नका म्हणावं आक्कांना, असल्या चार शाली ट्रंकेत पडल्यात माझ्या.

आता जे लिहायला हात धजत नाही ते. बोलण्याच्या ओघात मी म्हणून गेलो, की भाचीचं प्रियदर्शनी हे नावसुद्धा दाजींच्या नावानं मीच लिहून पाठवलं, वर्तमानपत्रातून काढून. पहिल्या रांगेत प्रिया होती. तिचा चेहरा पाहिला आणि कळलं की तिला हे ठाऊक नव्हतं. शाल न घेताच ती निघून गेली. तू तिला काय सांगितलं होतंस, हे मला माहीत नव्हतं गं. आणखी एक नासाडी माझ्या हातून झाली.

तुझं काय येईल ते वाचायला तयार आहे.

आकाराम


मलकापूर
दि. ५ फेब्रुवारी २०२६

चि. आकाराम यास,
शालूबाईचे आशीर्वाद.

प्रिया त्याच दिवशी सांगलीहून सरळ हिकडं आली. चप्पल न काढता आत आली आणि माझ्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, की माझं नाव माझ्या आप्पांनी ठेवलं न्हाई व्हय.

मी तिला काय सांगत आले ते तुला लिहिते. लढाईच्या आदी त्यांचं शेवटचं खरं पत्र आलं, त्यात त्यांनी नाव लिहिलं व्हतं, असं. बाप न्हाई म्हणून ती शाळेतनं पहिल्यांदा रडत आली तवा सांगितलं आणि मग मागं घेता आलं न्हाई. तिनं ते आपल्या पोरांना सांगितलं. तिच्या शाळेत निरोपसमारंभात सांगितलं. तुझ्या पिक्चरला मी नाकं मुरडत बसले, आणि हिकडं घरातल्या घरात तसलाच एक मी पण चालवत व्हते. तुझ्या पत्राआदी मला हे दिसलं न्हाई. त्याची बी किळस आली, माझी मलाच.

तिला म्हटलं, तुझ्या बापानं कसलंच नाव ठरवलं नव्हतं. त्याला वाटायचं पोरगाच हुणार. तेवढं ऐकून ती खाली बसली. मला वाटलं आता ही उठून जाईल आणि परत यायची न्हाई. पण तिनं इचारलं, मग आणखी कसा व्हता?

आकाराम, चोपन्न वर्सांत पोरीनं हे कधी इचारलं नव्हतं. पिक्चरमधला बाप तिला आयता मिळाला व्हता न्हवं. मग मी सांगितलं. फौजी असून बैलाला भ्यायचा. जेवताना बोललेलं खपायचं न्हाई. एकदा माझ्यावर हात उचलला, मग दोन दिस गोठ्यात झोपला, लाजेनं. गाणं म्हणायचा, सूर न्हाई. ती ऐकत व्हती, मधीच हसत व्हती, मधीच माझ्यावर चिडत व्हती. दुपारचा चहा झाला, मग परत बसलो. माझा घसा बसला. जाताना म्हणाली, ह्यो बरा हाय, पडद्यावरचा लय गोड व्हता. नाव बदलायचं म्हणत व्हती, मग म्हणाली, राहू दे, मामानं का असंना, ठेवलंय तर. पण तुझ्याशी बोलायला तिला वेळ लागंल. फोन करू नको.

त्या रेश्माला घरी घिऊन ये. पिक्चर तिचा तिला राहू दे, त्याला मी बोट लावणार न्हाई. नुसतं जेवायला ये म्हणावं.

तू तिला दारात सोड आणि ह्या खेपेला परत जा. तुझं तोंड बघायची माझी तयारी अजून झाली न्हाई. ढवळणं थांबलंय असं वाटतं आणि परत सुरू हुतं. पण पत्र लिहीत जा. गुडघ्याचं लिही, यार्डातलं लिही, काय बी लिही. लोभ हाय का न्हाई ते मी सावकाश कळवीन. तवर दर खेपंला खाली तुझी सही कर, आणि पुरं नाव लिही.

तुझी आक्का,
शालूबाई