वस्तादांची हलगी

रविवार, दिवेलागण

इंदापूरहून आलो, चहा घेतला, तरी तोंड कडूच आहे.

वस्ताद गेल्यावर त्यांच्या हलग्या काचेच्या पेटीत मांडल्यात असं कळलं, म्हणून सकाळच्या एसटीनं त्यांच्या घरी गेलो. चपला बाहेर काढून आत शिरलो, देवळात जावं तसा. पेटीत दोनच हलग्या. कातड्याची कोरी करकरीत, कडेला काजळीचा ठिपकासुद्धा नाही. शेजारची फायबरची, मधोमध टिपरूच्या काडीनं झिजून पांढरी पडलेली.

तिथं त्यांची सून बसली होती. फायबरची कुणाची, असं तिला विचारलं, तर अगदी सहज म्हणाली, "आमचं मामंजी हीच वाजवायचं. कातड्याची फोटोपुरती. जाळ करून शेकत कोण बसतंय, दादा?"

कोण बसतंय? मी बसतो! इतकी वर्षं, प्रत्येक वरातीआधी, कातडं ताणलं जावं म्हणून पाचट पेटवून धुरात डोळे चोळत. कारण हेच वस्ताद आम्हाला शिकवताना म्हणायचे, "फायबर वाजवायची आसंल तर माझं नाव घिऊ नगा."

आणि बापू? माझा जोडीदार. त्यानं फायबरची आणली, तेव्हा मोरगावच्या चौकात, भर वरातीत, मी ती त्याच्या हातातून हिसकावून गटारात भिरकावली. त्यानं हलगी उचलली, शर्टानं पुसली आणि गेला. त्यानंतर आमच्यात बोलणं नाही.

ती पांढरी झीज काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही. इतकी झिजायला किती वराती लागल्या असतील? आणि त्यातल्या कितींत मी पुढं उभा राहून, कातड्याचीच समजून, माना डोलावल्या?

खोटं वस्ताद बोलले, हे खरं. पण भिरकावली मीच.